टिळकांच्या कवितेंतील मूल

बिरुदें देण्याच्या कामीं महाराष्ट्र मोठा उदार आहे. दिलेलीं बिरुदें पुन्हां पारखून पाहण्याच्या कामीं मात्र तितकाच आळशी. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना 'फुलांमुलांचे कवि' असें कोणीं तरी एकदां म्हटलें, आणि तेव्हांपासून क्रमिक पुस्तकांतील कविपरिचयांतून, परीक्षेच्या मार्गदर्शकांतून आणि पुण्यतिथीच्या लेखांतून तें बिरुद अखंड फिरत राहिलें आहे. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यास टिळकांविषयीं एक वाक्य विचारलें, तर तो हेंच वाक्य सांगतो. दुसरें विचारलें, तर गप्प बसतो. ह्यांत दोष विद्यार्थ्याचा नाहीं. बिरुद जितकें गोड, तितकें तें विचाराला सुट्टी देणारें असतें.

पण 'मुलांचा कवि' ह्या शब्दांचे अर्थ तरी किती होतात! मुलांविषयीं लिहिणारा, मुलांसाठीं लिहिणारा, आणि मुलाच्या तोंडून बोलणारा, हे तीन कवि एका देहांत क्वचितच नांदतात. टिळक ह्यांपैकीं कोणते, हा प्रश्न आम्हांस केवळ वर्गीकरणाचा वाटत नाहीं. कारण त्याच्या उत्तरावर टिळकांचें अर्धें काव्य वाचावयाचें कीं कपाटांत ठेवावयाचें, हें अवलंबून आहे.

प्रारंभ सर्वांच्या परिचयाच्या कवितेपासून करूं. 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता शाळेंत पाठ केली नाहीं असा जुना मराठी विद्यार्थी विरळा. पारध्याच्या बाणानें विद्ध झालेली पक्षिणी पडत-उठत आपल्या कोटराकडे येते. चोंचींत आणलेला अखेरचा घास पिलांना भरविते. त्यांना जगाच्या पित्याच्या हवालीं करते. आणि आपल्या रक्तानें पिलांचें अंथरूण भिजूं नये म्हणून घरट्याबाहेर पडून झाडाखालीं प्राण सोडते. ही शेवटची गोष्ट जिला सुचली त्या कविप्रतिभेपुढें आम्ही हात जोडतों. क्रौर्याविषयीं शंभर सुभाषितें जें करूं शकणार नाहींत, तें हें एक अंथरूण करतें. वृत्ताचें काम पाहिलें तरी तें असेंच जाणत्या हाताचें आहे. सबंध कविता पृथ्वी वृत्तांत चालते. पृथ्वीच्या अडखळत्या यतीनें पक्षिणीचें पडणें-उठणें कानाला ऐकूं येतें. आणि शेवटच्या श्लोकांत कवि एकदम वसंततिलकेवर येतो. वृत्त बदलतें, श्वास मंदावतो, तडफड संपते. मृत देहाचें तें वर्णन शांत आहे, आणि म्हणूनच असह्य आहे.

आतां प्रश्न असा कीं, ही कविता मुलांची कोणत्या अर्थानें? वृत्त पंडितांचें, भाषा संस्कृतप्रचुर, आणि बोलणारी कोण, तर आई. पिलें ह्या कवितेंत एक अक्षरही बोलत नाहींत. त्यांच्यासाठीं सर्व कांहीं घडतें. परंतु घडतें तें त्यांच्या डोळ्यांनीं आपल्याला दिसत नाहीं. उपाशी पिलाला घासाचा आनंद झाला असेल कीं आईच्या अंगावरील तांबड्या डागाचें नवल वाटलें असेल, ह्याची कवीला चौकशी नाहीं. मुलांनीं ही कविता आपलीशी केली ती कथेमुळें. रडावयास लावणारी कथा मुलांना फार आवडते, हें आपण मोठीं माणसें विसरतों. पण कविता लिहिली आहे ती पालकाच्या अंतःकरणानें.

'पाखरा, येशिल का परतून?' ह्या सुप्रसिद्ध गीताची रीति निराळी, परंतु रचनेचा गाभा तोच. प्रेमानें पाळलेलें पांखरूं उडून गेलें आहे आणि मागें राहिलेला माणूस त्याला हांका मारतो आहे. गीत म्हणून तें निःसंशय श्रेष्ठ आहे. त्यांतील आर्जव चालीवांचूनही गुणगुणत राहतें. पण पांखरूं उत्तर देत नाहीं. 'वनवासी फूल' ह्या दीर्घ काव्यांत फूल बोलतें खरें, परंतु तें इतकें शहाण्यासारखें बोलतें कीं, त्याला फूल म्हणण्यापेक्षां तत्त्वचिंतक म्हणावें. थोडक्यांत, टिळकांच्या फुलांना वाचा आहे ती विचारवंतांची, आणि त्यांच्या पिलांना तर वाचाच नाहीं.

हें वैगुण्य आहे असें आम्ही अद्याप म्हटलेलें नाहीं. तुलनेनें मात्र तें स्पष्ट होतें. टिळकांचे समकालीन कवि दत्त, म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे, हे १८९९ मध्यें वयाची पंचविशीही न गाठतां वारले. त्यांची कविता त्यांचे पुत्र वि. द. घाटे यांनीं १९२२ मध्यें प्रसिद्ध केली. त्या लहानशा संग्रहांत एक मुलगी आपली बाहुली शेजारणींना दाखवीत आहे, आणि एक मुलगा आपल्या कुत्र्याला मुळाक्षरें शिकवीत आहे. येथें कवि कोठेंच नाहीं. आहे तें मूल, त्याचा तोरा आणि त्याची मोठ्या माणसांची नक्कल. कुत्र्याला शिकविणारा तो मुलगा आपल्या मास्तरांच्याच आवाजांत बोलतो, आणि म्हणून आपण हंसतों. इंग्रजींत स्टीव्हन्सननें १८८५ च्या आपल्या बालगीतांच्या संग्रहांत हेंच केलें होतें. रवींद्रनाथांनीं १९०३ मध्यें 'शिशु' ह्या संग्रहांत मुलाला आईशीं असेंच मनसोक्त बोलूं दिलें. मुलाच्या तोंडून बोलण्याची ही कला टिळकांच्या प्रसिद्ध निसर्गकवितेंत व कथाकवितेंत जवळजवळ नाहीं.

येथें सहज एक गंमत ध्यानांत येते. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवि' म्हटलें. हे ठोंबरे पुढें नगरास टिळकांच्याच घरीं राहिले. म्हणजे 'फुलांमुलांचे कवि' आणि 'बालकवि' एका छपराखालीं नांदले, आणि दोघांपैकीं एकाचीही कीर्ति मुलांसाठीं लिहिलेल्या कवितेवर उभी नाहीं. ज्यानें खरोखर मुलाच्या तोंडची गाणीं लिहिलीं, त्या दत्तांना मात्र कोणीं पदवी दिली नाहीं.

मग टिळकांच्या बिरुदांत कांहींच तथ्य नाहीं काय? आहे, आणि तें समजण्यासाठीं त्यांच्या चरित्राकडे वळलें पाहिजे. कवितेचा उलगडा चरित्रानें करण्याची घाई आम्हांस एरवीं मान्य नाहीं. पण टिळकांच्या बाबतींत चरित्रांतील एक गोष्ट इतक्या सातत्यानें पुढें येते कीं, ती टाळून चालणार नाहीं. ती गोष्ट म्हणजे घर मोडणें.

रत्नागिरी जिल्ह्यांत दापोली तालुक्यांतील करजगांव हें त्यांचें जन्मस्थान. आई जानकीबाई ते लहान असतांनाच गेल्या, आणि आईबरोबर घरही गेलें. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. इंग्रजी शाळेंत थोडकें शिक्षण झालें. १८८० मध्यें जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, यांच्याशीं विवाह झाला. पण पाय एका ठिकाणीं ठरेनात. आज येथें शिक्षक, उद्यां तेथें कीर्तनकार, परवां आणखी कोठें पुस्तकें लिहिण्याच्या कामावर, असा हा क्रम वर्षानुवर्षें चालला. कांहीं अपत्यें बाळपणींच गेलीं. ज्याला घर मिळालें नाहीं आणि ज्याला घर धरून ठेवतां आलें नाहीं, अशा माणसाच्या कवितेंत घरटें वारंवार यावें, हें आम्हांस आकस्मिक वाटत नाहीं.

ह्या भटकंतींत आमचें नागपूर येतें. येथील श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या पदरीं टिळक संस्कृत ग्रंथांच्या कामासाठीं राहिले, आणि 'ऋषि' नांवाचें मासिकही त्यांनीं ह्याच काळांत चालविलें. आमच्या शहराच्या वाङ्मयीन इतिहासांत ह्या मुक्कामाला जें स्थान मिळावयास पाहिजे होतें तें मिळालेलें नाहीं. टिळक नगरचे, असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुतः त्यांच्या आयुष्याचा सांधा बदलला तो नागपुराहून निघालेल्या गाडींत. १८९३ मध्यें नागपूर–राजनांदगांव प्रवासांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाच्या गोऱ्या सहप्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें. त्यानें त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकितही केलें. सुमारें दोनशें किलोमीटरांचा तो रस्ता आज कोणीही कांहीं तासांत ओलांडतो. टिळकांना पलीकडे पोंचावयास दीड-दोन वर्षें लागलीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

आणि घर तिसऱ्यांदा मोडलें. पत्नी व चार वर्षांच्या आंतबाहेरचा मुलगा दत्तू नातलगांकडे; आपण अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिशनच्या कामावर. लक्ष्मीबाई पतीपाशीं परत येऊन १९०० मध्यें स्वतः ख्रिस्ती होईपर्यंत हा वियोग चालला. धर्मांतराच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें उकरून काढण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. त्या वादांत दोन्ही बाजूंची पुष्कळ शाई खर्च झाली आहे. वाचकानें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच, कीं, ह्या पांच वर्षांत टिळक एका मुलाचे बाप होते आणि तें मूल त्यांच्यापाशीं नव्हतें.

नेमक्या ह्याच सुमारास महाराष्ट्रावर दोन दुष्काळ कोसळले, १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा, ज्याला आपल्याकडे छपन्नाचा म्हणतात. नगर जिल्ह्यांत मिशनकडे अनाथ मुलांची रीघ लागली. पुढें टिळक कुटुंब राहुरीस होतें तेव्हांही त्यांच्या भोंवतीं हीं मुलें असत. आणि टिळकांचें घर म्हणजे येईल त्याचें घर झालें. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें'त ह्या गर्दीचें जें चित्र आहे, तें इतकें जिवंत आहे कीं, त्याचा सारांश देणें म्हणजे त्याचा अपमान करणें होय. आम्ही वाचकास मूळ ग्रंथाकडेच पाठवितों. मुलांविषयींचा टिळकांचा कळवळा हा बागेंत फिरतांना सुचलेला नव्हे, हें त्यावरून कोणालाही कळेल. उपाशी पिलें त्यांनीं पाहिलीं होतीं. त्यांना घास भरविण्याच्या धडपडींत त्यांनीं आपला संसार अनेकदां रिकामा केला होता. तेव्हां त्यांच्या कवितेंत पिलांचा आवाज नसून घास आणणाराचा आवाज आहे, ह्याचें कारण त्यांचें जीवितकार्यच तें होतें. त्यांच्या बिरुदांतील तथ्य तें हेंच.

परंतु येथें थांबलों तर आम्हींही टिळकांचें अर्धेंच काव्य वाचलें असें होईल. ह्या कवीनें आयुष्याच्या उत्तरार्धांत मोठ्या संख्येनें भजनें, पदें आणि अभंग रचले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेंत तीं आजही गाइलीं जातात. आणि शंभराहून अधिक वर्षें लोकांच्या तोंडीं राहणें हें भाग्य आमच्या किती मान्यवर कवींना लाभलें, तें वाचकांनींच मोजावें. टिळकांच्या पूर्वीं मराठी ख्रिस्ती उपासनेंत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें परक्या चालींवर म्हटलीं जात असत. देशी भजनाचा प्रयत्न त्यांच्या आधींही झाला होता. पण भजन आणि कीर्तन ह्यांना त्या देवळांत खरें हक्काचें स्थान मिळालें तें टिळकांच्या रचनांमुळें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. आणि ह्या भजनांत तो पूल डोळ्यांना दिसतो. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेंत देव प्रामुख्यानें पिता आहे. त्याला आई म्हणून हांक मारण्याची ही सलगी टिळकांनीं पंढरीच्या वाटेवरून उचलली.

आई म्हणून हांक मारणारा कोण असतो? अर्थात् लेंकरूं. आमच्या मतें टिळकांच्या काव्याची किल्ली येथें आहे. त्यांच्या मुलांच्या कवितेंत बाप बोलतो. त्यांच्या भजनांत मूल बोलतें. जें मूल 'केवढें हें क्रौर्य!' मध्यें चोंच उघडून मुकें बसलें होतें, तें येथें बोलूं लागतें: हट्ट धरतें, रुसतें, मला सोडून जाऊं नको म्हणतें, आईच्या पदराखालीं शिरतें. पृथ्वी आणि शार्दूलविक्रीडित मागें पडतात, ओवी-अभंग आणि साधीं पदें पुढें येतात. 'रुधिर' आणि 'कोटर' अशा शब्दांनीं बोलणारा कवि एकाएकीं घरांतल्या शब्दांनीं बोलूं लागतो. हा बदल केवळ श्रोते अशिक्षित होते म्हणून झाला, असें कोणी म्हणेल. तें कारण खरें आहे, पण पुरेसें नाहीं. श्रोत्यांसाठीं कवि शब्द बदलूं शकतो. आवाजाचें वय बदलूं शकत नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. भक्तानें देवापुढें लेंकरूं होणें हा संतकवितेचा जुना संकेत आहे; नामदेव, जनाबाई, तुकाराम ह्या सर्वांनीं तो वापरला; मग टिळकांच्या भजनांतील मूल हें खरें मूल नसून उसना संकेतच नव्हे काय? कांहीं भजनांत तें तसेंच आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. उपासनेच्या गरजेसाठीं लिहिलेल्या रचनांत सर्वच सारख्या तोलाच्या नाहींत. कित्येकांत उपदेश जड झाला आहे, कित्येकांत माउलीची हांक नुसती यमकाला बोलावलेली आहे. पण चांगल्या रचनांत एक गोष्ट विशेष दिसते. संतांचें लेंकरूं आईच्या घरीं वाढलेलें असतें. तें हट्ट करतें तो हक्कानें. टिळकांचें लेंकरूं बाहेरून आलेलें आहे. त्याला आई उशिरां सांपडली आहे, आणि सांपडलेली पुन्हां हरवेल कीं काय ही धास्ती त्याच्या लाडिकपणांतही असते. संकेत वारकऱ्यांचा, भीति मात्र करजगांवच्या त्या पोरक्या मुलाची.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें आयझॅक वॉट्‌सची आठवण होईल. तोही भक्तिगीतांचा मोठा कर्ता, आणि त्यानेंही १७१५ मध्यें मुलांसाठीं गीतांचें पुस्तक लिहिलें. पण वॉट्‌स मुलांशीं बोलतांना हातांत छडी धरलेली असते, आणि देवाशीं बोलतांना तो भारदस्त गृहस्थ असतो. दोहोंकडे प्रौढच. ब्लेकनें ती छडी मोडली. त्याच्या १७८९ च्या गीतांत मूल आणि देव एकमेकांशीं खेळतात. टिळक ह्या दोघांच्या मध्यें कोठें तरी उभे आहेत: मुलांपुढें वॉट्‌ससारखे वडील, पण देवापुढें ब्लेकच्या मुलासारखे मूल.

हें सर्व दिसावयास टिळकांचें काव्य एकत्र वाचलें पाहिजे, आणि तेंच आपल्याकडे होत नाहीं. आमच्या टीकाकारांनीं टिळकांची वांटणी करून टाकली. 'कवि टिळक' आम्ही घेतले, 'रेव्हरंड टिळक' देवळाला दिले. केशवसुतांच्या पिढीचा विचार करतांना 'सुशीला' आणि 'वनवासी फूल' ह्यांची चर्चा होते. 'अभंगांजलि'चें नांव निघालें कीं, तो प्रचार म्हणून बाजूस सारला जातो. ज्ञानेश्वरी ही उपासना असूनही काव्य आहे, हें ज्यांना समजावून सांगावें लागत नाहीं, त्यांना टिळकांचें भजन मात्र काव्याच्या दारांत उभें राहिलेलें चालत नाहीं. उलट ज्या मंडळ्या दर रविवारीं तें भजन गातात, त्यांतील कितीजणांनीं ती घरट्याबाहेर जाऊन मरणारी पक्षिणी वाचली असेल? एकाच्या हातीं बाप राहिला, दुसऱ्याच्या हातीं मूल, आणि दोघेही आपणांस सबंध टिळक मिळाल्याच्या समाधानांत आहेत. कवींच्या इस्टेटीचे असे तंटे कोर्टांत जात नाहींत, एवढेंच काय तें बरें.

१९१७ मध्यें टिळकांनीं मिशनच्या वेतनाचाही आश्रय सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ५ मे १९१८ रोजीं बालकवि भादलीच्या रेल्वेमार्गावर गेले. त्यानंतर वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळक गेले. ज्या पत्नीला टिळकांनींच लिहावाचावयास प्रवृत्त केलें, तिनें त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' पुढें नेलें. आणि १९३४ पासून क्रमाक्रमानें प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांचें जें चित्र रेखाटलें, तें कोणाही टीकाकाराच्या आधीं तिनें ओळखलेलें टिळकांचें खरें वय आहे. न सांगतां घरांतून निघून जाणारे, हातांतला पैसा कोणालाही देऊन टाकणारे, क्षणांत संतापणारे आणि क्षणांत ओशाळणारे टिळक त्यांत भेटतात. लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, हंसतात, त्यांची वाट पाहतात. ठोंबऱ्यांच्या रुसव्याफुगव्यांविषयीं त्या ज्या सुरांत लिहितात तोही वाचकानें ऐकावा, आणि पानें मागें चाळून टिळकांविषयींचा सूर पुन्हां ऐकावा. दोन्ही ठिकाणीं आवाज एकच आहे.